निद्रेच्या बाबतीत स्वार्थी

आमच्या घरात कमी झोपणं हा गुण समजला जाई. वडील सांगलीत एका वकिलांकडे कारकून होते आणि पहाटे चारला उठत. नुसते उठत नसत, आपण उठलो हे सगळ्या आळीला कळेल अशा बेतानं उठत. बादली आपटायची, खाकरायचं, मग मोठ्यानं स्तोत्र. "मला चार तासांच्या वर झोप लागतच नाही," असं ते आल्यागेल्याला सांगत, आणि ऐकणारा आदरानं मान डोलवी. दुपारी जेवणानंतर ते वकिलांच्या दप्तरावर डोकं टेकून दोन तास आणि संध्याकाळी कीर्तनात खांबाला टेकून आणखी दीड तास झोपत, याची बेरीज आमच्यापैकी कुणी कधी केली नाही. थोरल्या बहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा स्वयंपाक येतो, भरतकाम येतं हे सांगून झाल्यावर आई म्हणाली, "आणि झोप अगदी कमी हो तिची." लग्न जमलं.

मी त्या घरात झोपाळू निघाले. त्याबद्दल लहानपणापासून मी पुष्कळ बोलणी खाल्ली होती. त्यामुळं चव्वेचाळीस साली, विसाव्या वर्षी, माझी झोप खरोखरच गेली तेव्हा पहिले दोन दिवस मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, आपणही शेवटी वडिलांच्या वळणावर गेलो.

मी तेव्हा रहिमतपूरला मुलींच्या शाळेत नव्यानं लागले होते. सांगली संस्थानात आणि रहिमतपूर खालसा, म्हणजे इंग्रजी मुलखात, म्हणून आईनं मी विलायतेला निघाल्यासारखं रडून घेतलं. आगगाडीनं अर्ध्या दिवसाचं अंतर. वडिलांनी जाताना एक गजराचं घड्याळ दिलं आणि सांगितलं, "नोकरी आहे. आता तरी झोपेवर ताबा ठेव."

शाळेतल्या आणखी एक बाई आणि मी अशा दोघींनी मिळून एका तेल्याच्या घराशेजारची खोली घेतली होती. त्या माणदेशातल्या. घरची मेंढरं, वडील धनगर, स्वतःचं नावही लिहिता न येणारे. पण गावच्या मास्तरांनी हट्ट धरला आणि पोरगी शिकत गेली. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, अंगानं उंच, चालायला लागल्या की मला धावावं लागे. मुली मला सांगलीच्या बाई म्हणत आणि त्यांना माणच्या बाई. वर्गात त्या पुस्तकासारखं शुद्ध बोलत. खोलीचं दार लावलं की जोडे काढावेत तशी ती भाषा काढून ठेवत आणि म्हणत, "लय बोलले बाई आज. तोंड दुखाय लागलं."

माणच्या बाईंची झोप हा बघण्यासारखा प्रकार होता. त्या आडव्या होत, "बरं" म्हणत आणि झोपत. हे "बरं" कुणाला उद्देशून असे ते मला कधी कळलं नाही. एकदा मला कोशिंबिरीची कृती सांगताना "मग वरनं" एवढं म्हणाल्या आणि झोपल्या. वरून काय घालायचं ते सकाळी सांगितलं. आणि घोरणं म्हणजे, दाणे संपलेलं जातं कुणी नुसतंच ओढत राहावं तसा आवाज. पहिल्या दिवशी मी दचकले, मग सवय झाली, मग मीही त्या आवाजात गाढ झोपू लागले.

बिघडलं ते तपासणीपासून. माझी नेमणूक कच्ची होती. शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला येणार, त्यांच्या शेऱ्यावर सगळं अवलंबून. आदल्या रात्री मला झोप लागली नाही. त्यात नवल नव्हतं. साहेब आले, माझ्या मुलींना एकोणीसचा पाढा विचारला, मुलींनी म्हटला, साहेबांनी एक पेरू खाल्ला, बरा शेरा लिहिला आणि गेले. त्या रात्री मी ठरवलं, आज मात्र भरपूर झोपायचं. दिवा लवकर मालवला. रॉकेल तसंही रेशनवर होतं. डोळे मिटले आणि झोपेची वाट बघत बसले. झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी मी झोपेला जवळजवळ बजावलं. झोप काही माझ्या वर्गात नव्हती.

तिथून पुढं एक चमत्कारिक चक्र सुरू झालं. दिवस मावळायला लागला की मला धाक पडायचा, की आता अंथरूण घालायची वेळ होणार. अंधारात घड्याळ दिसत नसे, पण टिकटिक ऐकू येई, आणि काडी ओढून मी बघत असे. अकरा. बारा. दीड. काड्यापेटी आठ दिवसांत संपायला लागली. शेजारी जातं सुखानं फिरत असायचं. ज्या आवाजात मी दोन महिने झोपले होते, तोच आता मला जाणूनबुजून केल्यासारखा वाटू लागला.

तीन आठवड्यांत माझं डोकं माझं राहिलं नाही. एक दिवस मी हजेरी दोनदा घेतली आणि दुसऱ्यांदा दोन मुली कमी भरल्या म्हणून घाबरून गेले. त्या पाणी प्यायला गेल्या होत्या. एका पोरीनं पाटीवर "ळ" उलटा काढला, ते बघून मला रडू आलं. खडूच्या डब्यातले आखूड तुकडे मलाच मिळतात असा मला संशय येऊ लागला आणि मी चार दिवस त्यावर पाळत ठेवली. जेवण जाईना. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, मला वेड लागतंय अशी खात्री वाटू लागली. ही खात्री दिवसा निम्मी होई आणि अंधार पडला की पुरी.

शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे हेडबाई, आवाजानं आणि देहानं दणकट होत्या. त्यांनी माझे डोळे बघून विचारलं, तेव्हा मी "झोप जरा कमी आहे" एवढंच म्हणाले. त्यांनी आधी दुधातून जायफळ दिलं. त्यानं मला दिवसा वर्गात झोप आली. मग त्यांनी काशाची वाटी धाडली आणि माणच्या बाईंना हुकूम केला, "हिचे तळपाय तेल लावून वाटीनं घासा. झोप नाही आली तर मला सांगा."

माणच्या बाई रात्रीचं जेवण झाल्यावर वाटी घेऊन माझ्या पायांशी बसल्या. हात मोठा, दाब चांगला. मला खरंच गुंगी येऊ लागली. तेवढ्यात वाटीचा वेग कमी झाला. मग ती थांबली. मी मान उचलून बघितलं तर बाई माझ्या नडग्यांवर डोकं टेकून झोपलेल्या, वाटी हातात तशीच, आणि जातं सुरू. हाका मारल्या, त्या "बरं" म्हणाल्या. पहाटेपर्यंत माझे पाय त्यांच्या डोक्याखाली होते. सकाळी मोठ्या बाईंनी विचारलं, "आली का झोप?" माणच्या बाई खऱ्या बोलणाऱ्या. म्हणाल्या, "आली की. लय गुणाची वाटी हाय."

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी एक कार्ड घेतलं आणि साहेबांना पत्र लिहिलं. कार्ड उघडं असतं, ते कुणीही वाचतं, हे मला दुसऱ्या कुठल्याही दिवशी सुचलं असतं. पत्र अजून पाठ आहे. "माझ्यासमवेत राहणाऱ्या बाई स्वभावाने चांगल्या आहेत. परंतु निद्रेच्या बाबतीत त्या अत्यंत स्वार्थी असून दुसऱ्याचा विचार न करता रात्रभर झोपतात. तरी माझी बदली अन्यत्र, शक्य तर जेथे झोप लागते अशा गावी, व्हावी ही विनंती." खाली सही, शाळेचं नाव. पेटीत टाकलं आणि मला फार हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमास्तर स्वतः शाळेत आले. वयस्क, सभ्य गृहस्थ. ओसरीवर माणच्या बाई उभ्या होत्या, मी दाराच्या आत. "हे तुमच्या शाळेतलं कार्ड," ते म्हणाले. "खाली सही आहे, पण पत्ता लिहायचा राहिलाय. कुठं धाडू कळेना." कार्ड त्यांनी माणच्या बाईंच्या हातात दिलं. दोन पावलं जाऊन वळले आणि म्हणाले, "मी वाचलं नाही हो." त्यावरून त्यांनी वाचलंय हे कळलं.

माणच्या बाईंनी कार्ड वाचलं. मग पुन्हा वाचलं. मी दाराआड उभी राहून जमीन दुभंगते का बघत होते. त्या आत आल्या, माझ्याजवळ बसल्या आणि अगदी शांतपणे विचारलं, "बाई, निद्रेच्या बाबतीत स्वार्थी म्हंजे काय ओ?"

मी पदरावरचा खडू झटकू लागले.

"न्हाई, अर्थ कळला. पर झोप काय भाकरी हाय व्हय, अर्धी मोडून द्यायला? देता आली असती तर दिली असती की तुमाला. माझ्याकडं लय हाय." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, "कवापास्नं झोपला न्हाई तुमी?"

"तपासणीपासून," मी म्हणाले.

"महिना झाला की. आन् मला सांगितलं न्हाई."

"सांगणार केव्हा? तुम्ही झोपलेल्या असायच्या."

हे मी रागानं म्हणाले होते, पण त्यांना हसू आलं, आणि त्यांचं बघून मला रडू. मग मी सगळं सांगितलं. काड्यापेटी, "ळ", खडूचे तुकडे, वेड लागण्याची भीती. त्यांनी ते उपदेश न करता ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "दिवाळीची सुट्टी लागतीय. तू सांगलीला जाऊ नगंस. माझ्यासंगं चल." त्या दिवसापासून आम्ही एकमेकींना अगं-तूगं करू लागलो, आणि माझ्यापुरत्या माणच्या बाई 'ती' झाल्या. वडिलांना मी शाळेचं काम निघाल्याचं खोटंच कळवलं. झोपायला दुसऱ्याच्या गावी चालले आहे, हे त्या घरात कसं लिहिणार?

लढाईमुळं मोटारी तेव्हा कोळशावर चालत. आमची मोटार चढ लागला की थांबे आणि बायका सोडून सगळे उतरून ढकलत. तिनं मात्र मला उतरवलं आणि चढ चालायला लावला. दहिवडीच्या पुढं तिच्या वस्तीवर पोचलो तेव्हा माझ्या पायांत उभं राहायचं बळ नव्हतं. तरीही रात्री झोप नाही. नवी जागा, कुत्री, मेंढरांचा वास. तिची आई उजाडता उजाडता म्हणाली, "पोरगी रातभर कूस बदलत हुती." भिंतीवर लष्करी पोषाखातल्या भावाचा फोटो होता. तो लढाईवर, इटलीकडं कुठंतरी होता. तो फोटो तिची आई रोज पदरानं पुसत असे.

सकाळी तिचे वडील मेंढरं घेऊन निघाले आणि मी व ती त्यांच्या मागं. उन्हात, माळावर, कोस दीड कोस. म्हातारा पुढं, काठी खांद्यावर आडवी. दुपारी एका बाभळीखाली मेंढरं बसली. एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून, चटकन, कुणी हुकूम सोडल्यासारखी. मी तिच्या वडिलांना विचारलं, "एखादं मेंढरू बसतच नसलं तर काय करता, बाबा?"

"त्याच्याकडं बघत न्हाई," ते म्हणाले. "बघाय लागलं की ते आनखी उभं ऱ्हातं. आपलं आपुन बसायचं."

त्यांनी घोंगडी अंथरली, मला तिथं बस म्हणाले आणि माझ्याकडं पाठ करून बसले. तीही पाठ करून बसली. दोघं पावसाचं, चाऱ्याचं काहीतरी बोलत होते. मी टेकले. आज झोप लागते का, हे बघायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

जाग आली तेव्हा ऊन तांबडं झालं होतं. म्हातारा तिथंच बसलेला. पुढच्या रानात जायचं होतं, ते त्यांनी सोडून दिलं होतं. मेंढरं तिथल्या तिथं वाळकं गवत कुरतडत होती. "उठवलं का नाही मला?" मी शरमून विचारलं. "कशाला?" एवढंच ते म्हणाले. अर्धवट झोपेत चालत मी घरी आले, हुलग्याचं माडगं प्याले आणि पुन्हा झोपले, ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठले.

मधल्या काळात तिची आई, हे तिनं मला नंतर सांगितलं, तीनदा माझ्या नाकाशी बोट धरून गेली होती. परक्याची पोर, आपल्या घरात काही झालं तर काय, ही धास्ती. वस्तीवरच्या बायका बघायला येऊन गेल्या. एकीनं विचारलं, आजारी हाय काय. तेव्हा आईनं अभिमानानं सांगितलं, "मास्तरीण हाय. डोक्याचं काम असतंय त्यांचं." तिसऱ्या दिवशी वडिलांनी लेकीला विचारलं, "आता खाती का?" मी भाकरी खात होते. त्यांनी माझ्याकडं एकदा बघून घेतलं आणि मान हलवली, बाजारात जित्राब पसंत पडल्यावर हलवतात तशी. याचा मला खरं तर राग यायला हवा होता. पण मी पोटभर झोपले होते. राग काही केल्या येईना. महिन्याभरात मला एवढं शहाणं कधी वाटलं नव्हतं.

रहिमतपूरला परतल्यावर सगळं सुरळीत झालं असं नाही. दोन-तीन रात्री पुन्हा तशाच गेल्या. तिनं माझं घड्याळ फडक्यात गुंडाळून बाजरीच्या डब्यात पुरलं. कान देऊन ऐकलं तर तिथूनही टिकटिक येई, पण बघायला जायचं तर डबा उपसावा लागे. रोज शाळा सुटली की ती मला गावाबाहेर तिच्या वेगानं चालवून आणी. झोप आली नाही तर उठून बसायचं, हवं तर मुलींच्या पाट्यांना पुसायची फडकी बांधायची, पण पडून झोपेची वाट बघायची नाही, हा तिचा नियम. हळूहळू झोप रस्त्याला लागली. मोठ्या बाईंनी ते श्रेय वाटीला दिलं आणि ती वाटी पुढं गावातल्या दोन-तीन घरी फिरून आली.

मग पौषाच्या सुमाराला तिच्या भावाची पत्रं थांबली. महिन्याला एक यायचं. एक महिना गेला, दुसरा गेला. ती काही बोलली नाही. पूर्वीसारखीच चालायची, शिकवायची. फक्त लवकर झोपू लागली. आधी नऊला, मग आठला, मग शाळेतून आल्या आल्या. रविवारी दुपारी बारा वाजले तरी उठेना. मला सुरुवातीला हेवाच वाटला. म्हटलं, देवानं काय देणगी दिलीय. माझ्या ध्यानात यायला पंधरा दिवस लागले की ती आता "बरं" म्हणत नाही, आणि घोरतही नाही. भिंतीकडं तोंड करून नुसती पडलेली असते, आणि उठल्यावर झोपण्याआधीपेक्षा जास्त दमलेली दिसते. एक दिवस वर्गात टेबलावर डोकं ठेवून झोपली. मोठ्या बाई रागावल्या. तिनं ऐकून घेतलं आणि घरी येऊन परत आडवी झाली.

मी तिच्याजवळ बसले. "इतकी कशी झोपतेस गं?"

तिनं गोधडी आणखी वर ओढली. मग म्हणाली, "जागी ऱ्हायले की त्यो दिसतो. झोपलं की न्हाई दिसत."

तिच्यासारखं पाठ करून बसायचं शहाणपण माझ्यात नव्हतं. मी तिचा हात धरून तिला उठवलं आणि आमच्या रोजच्या वाटेनं नेलं. या खेपेला ती मागं होती आणि मी पुढं. वाटेत ती भावाबद्दल बोलू लागली. लहानपणी तो मेंढरं राखता राखता झोपला आणि कळप शेजारच्या गावात गेला, तेव्हा हिनं त्याचा मार वाटून घेतला. सांगताना हसली, मग रस्त्यात बसून रडली. आम्ही तशाच रोज जात राहिलो. रोज उठवताना ती मला वाटेल ते बोले. मी ते मनाला लावून घेतलं नाही, कारण माझी झोप झालेली असे.

फाल्गुन संपता संपता पत्र आलं. लष्करी पत्र, सेन्सॉरनं काळ्या शाईनं अर्ध्याहून अधिक पुसलेलं. पोस्टमास्तरांनी ते उन्हातून चालत आणून दिलं. मोठ्यानं वाचलं तर असं: "मी खुशाल आहे." मग काळं. "कावीळ झाली होती." मग पुष्कळ काळं. "दवाखान्यात पलंग आहे. लय झोपलो. मेंढरं कशी हायेत." ती वाचत होती आणि काळ्या ओळींवरूनही बोट फिरवत होती. मग तिनं पोस्टमास्तरांना बसवून घेतलं, गूळ दिला, आणि ते गेल्यावर मला म्हणाली, "कावीळ झाली म्हणं गाढवाला," आणि चूल पेटवायला उठली.

पुढं उन्हाळ्यात माझी बदली पाटणला झाली. मी मागितली नव्हती. ती मला पोचवायला स्टेशनवर आली. स्टेशन गावापासून लांब, आम्ही भर दुपारी पोचलो. गाडीला दीड तास अवकाश होता. ट्रंकेवर ती बसली, बाकावर मी. पाटणला जेवणाची सोय कशी, पाऊस लागला की तिथं कपडे कसे वाळतात, असं काहीबाही बोलत राहिलो, कारण खरं बोलायचं ते दोघींना जमत नव्हतं. लिंबाची सावली होती, वारा होता.

कुणीतरी हाक मारत होतं म्हणून मी डोळे उघडले. समोर स्टेशनचा हमाल. ऊन कलंडलेलं. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला कधी आली होती कोण जाणे, तिचं डोकं माझ्या खांद्यावर.

"गाडी?" मी विचारलं.

"गेली की, बाई," हमाल म्हणाला. "तासभर झाला."

"मग उठवायचं नाही का?"

तो ओशाळला. "आवं, दोघी इतक्या गाढ झोपला हुता. माझं मन झालं न्हाई."

तिला जाग आली. झालेला प्रकार कळल्यावर ती म्हणाली, "बरं," आणि ट्रंकेचं एक कडं उचललं. दुसरं मी धरलं. आम्ही परत खोलीवर आलो, भाकऱ्या टाकल्या, आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं मी गेले. पाटणला एक दिवस उशिरा हजर झाल्याचं कारण लेखी मागितलं. मी "प्रकृतीच्या कारणामुळे" असं लिहून दिलं, आणि ते मंजूर झालं.